ग्रेटिंग बदललं तरी रेषा बारीक होईनात? आधी फट मोजा

परतीचा पाऊस ओसरला आणि दसऱ्याच्या आगेमागे बेळगावच्या आकाशाला उघडीप मिळाली की माझ्या वर्कशॉपमध्ये एक तक्रार हमखास येते. यंदा ती निपाणीच्या एका मुलानं आणली. मुलगा हाताचा कसबी, वर्णपटमापक, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश रंगांत फोडून मोजणारं उपकरण, घरीच जुळवलेला. त्यात प्रकाश फोडायचं काम ग्रेटिंग करतं, म्हणजे मिलिमीटरला सहाशे, बाराशे अशा बारीक समांतर रेषांचे चर असलेला तुकडा. म्हणाला, "ओ काका, सहाशेचं ग्रेटिंग काढून बाराशेचं घातलं की ओ. पंधरा दिवस बघूलालोय, निऑनच्या रेषा होत्या तेवढ्याच जाड. वर उजेडही कमी झाला. आता अठराशेचं मागवू काय?"

मी म्हटलं, "थांब बाळ, पैसे घालवू नको. आधी फट दाखव." फट म्हणजे ज्या अरुंद चिरेतून प्रकाश उपकरणात शिरतो ती.

हाच प्रश्न मला संकेश्वर, खानापूर, चिकोडीकडच्या निरीक्षकांनीही विचारलाय. मी उद्यमबागेत लेथ आणि मिलिंगचं काम करतो आणि आसपासच्या आकाशवेड्या मंडळींना फटीचे जबडे, ग्रेटिंगचे होल्डर करून देतो, त्यामुळे बिघडलेली उपकरणं माझ्या टेबलावर येतात. बहुतेकांत ग्रेटिंग निर्दोष निघतं. चूक असते ती ग्रेटिंग सगळ्यांत आधी निवडण्यात. ते सगळ्यांत शेवटी निवडायचं असतं.

पडद्यावरची रेषा म्हणजे काय

हायड्रोजनची किंवा निऑनची जी उभी रेषा कॅमेऱ्यात दिसते, ती फटीचं चित्र असते. त्या रंगाच्या प्रकाशात काढलेलं फटीचं छायाचित्रच म्हणा. फट जाड असेल तर रेषा जाड. ग्रेटिंग ही चित्रं एकमेकांपासून लांब सरकवतं, ती बारीक करत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे घोटाळे आपोआप सुटतात.

त्या मुलाच्या उपकरणाचे आकडे देतो. २०० मिमी व्यासाची, १००० मिमी नाभीअंतराची एफ/५ दुर्बीण. कॉलिमेटर (फटीतून आलेला प्रकाश समांतर करणारी लेन्स) १०० मिमी, कॅमेऱ्याची लेन्स १०० मिमी, दोघांच्या दिशांमधला कोन ३८ अंश. सेन्सर ११ मिमी रुंद, पिक्सेल ३.८ मायक्रॉनचा. फट दाढीच्या दोन पात्यांची.

ती फट आम्ही लेझर पॉइंटरनं मोजली. हे कुणालाही घरी जमतं. लाल पॉइंटरची तरंगलांबी ६५० नॅनोमीटरच्या आसपास असते. तो फटीतून भिंतीवर पाडला की मधे लांबट उजळ पट्टा आणि दोन्ही बाजूंना आलटून पालटून काळे-उजळ भाग दिसतात. मधल्या उजळ पट्ट्याच्या केंद्रापासून पहिल्या काळ्या जागेपर्यंतचं अंतर पट्टीनं मोजायचं. भिंत २ मीटरवर असेल तर २५ मायक्रॉनच्या फटीला हे अंतर ५२ मिमी येतं, ८० मायक्रॉनला जेमतेम १६ मिमी. फट जितकी अरुंद, तितका प्रकाश जास्त पसरतो. लेझर डोळ्याकडे कधीही वळवू नका, आणि मुलं आसपास असतील तर आधी त्यांना बाहेर काढा.

मुलाची फट ८० मायक्रॉनची निघाली. आता हिशेब बघा. सहाशेच्या ग्रेटिंगनं त्या फटीचं चित्र सेन्सरवर सुमारे १८ पिक्सेल रुंद पडतं, बाराशेच्या ग्रेटिंगनं सुमारे १५ पिक्सेल. पडद्याकडे बघणाऱ्याला दोन्ही सारखीच जाड वाटणार. अँगस्ट्रॉममध्ये (तरंगलांबीचं माप, नॅनोमीटरचा दहावा भाग) मोजलं तर सुधारणा झालेली असते: सहाशेनं ११.४, बाराशेनं ४.८. पण जुनं सहाशेचंच ग्रेटिंग ठेवून फट २५ मायक्रॉनवर आणली असती, तर रुंदी ३.६ अँगस्ट्रॉम आली असती. म्हणजे नवीन ग्रेटिंगपेक्षा चांगली, आणि एक पैसाही खर्च न करता.

"मग तारा अंधुक होईल की ओ," असं तो म्हणाला. शंका रास्त आहे, पण ही फक्त पाहायची गोष्ट नाही, मोजायची आहे. १००० मिमी नाभीअंतराला आकाशातली एक विकला (अंशाचा ३६०० वा भाग) म्हणजे फटीवर ४.८५ मायक्रॉन. हवा बेताची असली आणि तारा ३ विकला पसरला, तर फटीवरचा त्याचा ठिपका १४-१५ मायक्रॉनचा. २५ मायक्रॉनच्या फटीतून त्यातला बहुतेक प्रकाश आत जातो. दुर्बिणीचं नाभीअंतर २००० मिमी असेल तर मात्र ठिपका २९ मायक्रॉनचा होतो आणि तीच फट कडेचा प्रकाश कापू लागते. तिथे आधी फोकल रिड्यूसरचा, म्हणजे नाभीअंतर कमी करणाऱ्या लेन्सचा, विचार करा.

जमखंडीची नारिंगी रेषा

फटीबद्दल आणि विभेदनाबद्दल (जवळच्या रेषा सुट्या दाखवण्याच्या क्षमतेबद्दल) बोलताना मला दर वेळी जमखंडी आठवते. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण आपल्याच पट्ट्यातून गेलं. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक लावून बसले होते. ढगांनी ऐन वेळी त्रास दिला, तरी सूर्यकडेच्या ज्वालांच्या वर्णपटात त्यांना तीन तेजस्वी रेषा दिसल्या: तांबडी, नारिंगी, निळी. ज्वाला म्हणजे तापलेला वायू, हे त्यावरून कळलं. नारिंगी रेषा सोडियमच्या जागेवरचीच वाटली, कारण त्यांच्या उपकरणाला त्याहून बारीक फरक दाखवता येत नव्हता. ती सोडियमची नाही, हे पुढच्या मोजमापांतून, इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयर यांच्या कामातून, उघड झालं. ५८७६ अँगस्ट्रॉमची ती रेषा हेलियमची, आणि हेलियम पृथ्वीवर सापडायला १८९५ साल उजाडलं.

सोडियमच्या जवळच्या रेषेपासून ती १४ अँगस्ट्रॉमवर आहे. ११.४ अँगस्ट्रॉम रुंदीच्या रेषा देणाऱ्या उपकरणात हा फरक कसाबसा दिसेल. म्हणून "रेषा बारीक नाही" हे दुखणं क्षुल्लक मानू नका. एवढ्याशा फरकात एक मूलद्रव्य लपलेलं होतं.

निदान कसं करायचं

रात्रीची वाट बघू नका, गच्चीवर दुपारीच करा. एक्स्टेन्शन बोर्डावरचा नारिंगी चमकणारा जुना इंडिकेटर निऑनचा असतो. तो उपकरणासमोर धरा, पण बोर्ड उघडून तारा बाहेर काढू नका. नवे इंडिकेटर एलईडीचे येतात. त्यांच्यात रेषा नसतात, नुसता फुगवटा दिसतो, त्यामुळे ते निरुपयोगी. निऑनची ६४०२ अँगस्ट्रॉमची रेषा घ्या आणि अर्ध्या उंचीवर तिची रुंदी पिक्सेलमध्ये मोजा. मग फट निम्मी करून पुन्हा मोजा.

रुंदी जवळपास निम्मी झाली, तर अडसर फटीचा होता. फट अरुंद करत जा. एका टप्प्यावर रुंदी कमी व्हायची थांबेल, तिथून पुढे दोष प्रकाशिकीचा.

फट निम्मी करूनही रुंदी तीच राहिली, तर ग्रेटिंगला हात न लावता फोकस बघा. कॉलिमेटरचा फोकस आणि कॅमेऱ्याचा फोकस हे दोन वेगळे आहेत. लोक कॅमेऱ्याचा लावतात आणि कॉलिमेटरचा विसरतात. कॉलिमेटर आधी एकटा काढून, दूरच्या डोंगरावर किंवा चंद्रावर फोकस केलेल्या दुर्बिणीतून त्याची फट बघत लावा. मग तो कायमचा घट्ट करा.

रेषा तिरप्या दिसत असतील, तर फट ग्रेटिंगच्या चरांना समांतर नाही. वर्णपटाची उंचीच्या दिशेनं बेरीज करताना तिरपी रेषा पसरून जाड होते आणि दोष पुन्हा ग्रेटिंगवर येतो. फटीचा जबडा किंचित फिरवा, दोन मिनिटांचं काम आहे.

शेवटची परीक्षा दिवसाच्या आभाळाची. उपकरण निळ्या आकाशाकडे करा, सूर्याकडे अजिबात नको. सोडियमच्या ५८९० आणि ५८९६ या दोन काळ्या रेषा वेगळ्या दिसल्या तर उपकरण ६ अँगस्ट्रॉम सोडवतंय. मुलानं फट २५ वर आणल्यावर सहाशेच्या ग्रेटिंगनं ती जोडी पहिल्यांदा सुटी दिसली, तेव्हा त्यानं मोबाईलवर आईला बोलावून दाखवली.

तारा फटीत हिंडतो तेव्हा

रुंद फटीचा आणखी एक त्रास आहे आणि तो जास्त फसवा आहे. ताऱ्याचा ठिपका १५ मायक्रॉनचा आणि फट ८० ची, म्हणजे तारा फटीत मोकळा हिंडतो. तो ज्या जागी असेल तिथून त्याच्या रेषा पडतात. आज डाव्या कडेला, उद्या उजव्या कडेला. ताऱ्याच्या रेषा अशा वेळी छान बारीक दिसतात, पण त्यांची जागा रोज बदलते. खानापूरच्या एका शिक्षकांनी मला असे आठ रात्रींचे वर्णपट दाखवले आणि रेषा सरकतात म्हणजे तारा जोडतारा असावा असं ते मनापासून म्हणत होते. मला वाईट वाटलं, कारण मेहनत खरी होती. हायड्रोजन-अल्फा या तांबड्या रेषेजवळ ११.४ अँगस्ट्रॉम म्हणजे सेकंदाला ५०० किलोमीटरहून जास्त वेग. फटीच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत तारा सरकला की एवढा खोटा वेग दिसतो. पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या फिरण्यानं जो खरा फरक पडतो तो सेकंदाला जास्तीत जास्त ३० किलोमीटरचा, म्हणजे ०.६५ अँगस्ट्रॉमचा. उपाय एकच: फट ठिपक्याएवढी करा, गाइडिंग (तारा फटीवर धरून ठेवणं) नीट लावा आणि प्रत्येक ताऱ्याच्या आधी व नंतर निऑनची प्रतिमा घ्या. थ्रीडी प्रिंटेड प्लास्टिकची पेटी असेल तर हे आणखी गरजेचं. थंडीच्या रात्री ती आकसते आणि दुर्बीण कलली की वाकतेही.

उजेड निम्म्याहून कमी झाला असेल तर

सहाशेवरून बाराशेवर गेलात की तेवढाच प्रकाश दुप्पट पिक्सेलवर पसरतो, म्हणून प्रत्येक पिक्सेलला निम्मा उजेड येणार. त्यावर इलाज नाही, कॅमेरा जास्त वेळ उघडा ठेवा. पण निम्म्याहून खूपच कमी झाला असेल तर दोन कारणं तपासा.

पहिलं, ग्रेटिंग उलटं बसलंय. चरांचे उतार एका बाजूला कललेले असतात, त्यालाच ब्लेझ म्हणतात. त्यामुळे एका बाजूच्या पहिल्या क्रमात (मधल्या न फोडलेल्या प्रकाशालगतच्या पहिल्या वर्णपटात) प्रकाश भरपूर जातो, दुसऱ्या बाजूच्या क्रमात थोडा. ग्रेटिंगच्या कडेला किंवा पाठीवर बाण असतो, तो कोणत्या दिशेला हवा हे बसवण्याआधी बघा. बाण नसेल तर अंधाऱ्या खोलीत टॉर्चच्या उजेडात ग्रेटिंग हळूहळू फिरवा. ज्या बाजूचा वर्णपट जास्त उजळ, ती बाजू कॅमेऱ्याकडे. निपाणीच्या मुलाचं बाराशेचं ग्रेटिंग असंच उलटं होतं. १८० अंशात फिरवलं आणि उजेड परत आला.

दुसरं कारण भूमितीचं. एफ/५ दुर्बीण आणि १०० मिमी कॉलिमेटर म्हणजे २० मिमीचा प्रकाशझोत. ग्रेटिंग तिरकं असल्यामुळे झोत त्यावर लांबट पडतो. मघाच्या ३८ अंशांच्या रचनेत, हायड्रोजन-अल्फासाठी सहाशेच्या ग्रेटिंगवर प्रकाश ३१ अंशांनी येतो आणि झोत २३ मिमी लांब होतो. २५ मिमीच्या ग्रेटिंगवर तो मावतो. बाराशेच्या ग्रेटिंगवर ४३.६ अंशांनी येतो आणि २७.६ मिमी होतो, म्हणजे कडेचा थोडा बाहेर सांडतो. चोवीसशेच्या ग्रेटिंगवर हाच कोन ७५ अंश होतो आणि झोत ७९ मिमी पसरतो. २५ मिमीच्या तुकड्यावर मग बहुतेक प्रकाश वाया. चोवीसशेचं ग्रेटिंग हवंच असेल तर दुर्बीण एफ/१० च्या आसपासची हवी, नाहीतर कॉलिमेटर आखूड हवा, आणि सगळी पेटी त्या ग्रेटिंगभोवती आखायला हवी. फ्रेंच निरीक्षक ख्रिस्तियां ब्यूल यांच्या सोलेक्स या सूर्यासाठीच्या उपकरणात चोवीसशे रेषांचं ग्रेटिंग, १० मायक्रॉनची फट, ८० मिमीचा कॉलिमेटर आणि १२५ मिमीची कॅमेरा लेन्स आहे. तिथे सूर्याचा प्रकाश हवा तेवढा आहे, म्हणून ते परवडतं. आपल्याला तारा बघायचाय.

मग कोणतं घ्यायचं

आता ग्रेटिंगचा विचार करायची वेळ आली. काय बघायचंय ते आधी ठरवा. वरच्याच उपकरणात ३०० रेषांच्या ग्रेटिंगनं ११ मिमी सेन्सरवर सुमारे ३६०० अँगस्ट्रॉम मावतात, म्हणजे जांभळ्यापासून गडद तांबड्यापर्यंत सगळं एका चित्रात. ताऱ्यांचे वर्ग ओळखायचे, नवतारा, अतिनवतारा, धूमकेतू बघायचा, तर हेच घ्या. माझं मत स्पष्ट आहे: पहिलं ग्रेटिंग तीनशेचं असावं. सहाशेनं १८०० अँगस्ट्रॉम मावतात, बाराशेनं ९००.

बाराशे कुणाला? ज्याला एका रेषेचा आकार बघायचाय त्याला. शर्मिष्ठेच्या इंग्रजी डब्ल्यूसारख्या आकारातला मधला तारा, गॅमा, घ्या. १८६६ मध्ये इटालियन खगोलशास्त्रज्ञ सेक्की यांना त्याच्या वर्णपटात हायड्रोजनची काळी रेषा असायला हवी तिथे तेजस्वी रेषा दिसली. ताऱ्याभोवती फिरणाऱ्या वायूच्या चकतीचा तो प्रकाश. त्या रेषेची रुंदी आणि तिच्यातले बदल वर्षानुवर्षं टिपायचे तर बाराशे किंवा पुढचं ग्रेटिंग लागतं. नोव्हेंबर-डिसेंबरच्या संध्याकाळी हा तारा आपल्याकडून उत्तरेला ४५ अंशांपर्यंत वर येतो, म्हणजे जांबोटीच्या बाजूला दिव्यांपासून दूर गेलात तर सोयीचाच.

ब्लेझ ५०० नॅनोमीटरचा, म्हणजे त्या तरंगलांबीला सगळ्यांत जास्त उजेड देणारा, घ्या. हौशी कामासाठी तो निळ्यापासून तांबड्यापर्यंत पुरतो. निळा भाग अंधुक दिसला म्हणून लोक ४०० चा मागवतात, पण बहुतेकदा दोष चाचणीच्या पिवळट बल्बचा असतो, त्याच्यात निळा प्रकाशच कमी. तीनशेच्या ग्रेटिंगवर ७००० च्या पलीकडे भलताच उजेड दिसला तर तो दुसऱ्या क्रमाचा: ३७०० अँगस्ट्रॉमचा जांभळा प्रकाश ७४०० च्या जागी येऊन बसतो. तो भाग मोजायचाच असेल तर पिवळा फिल्टर लावा.

ग्रेटिंग हातात आल्यावर ते खरंच सांगितलेलं आहे का, हे त्याच लाल पॉइंटरनं बघता येतं. भिंत १ मीटरवर, प्रकाश ग्रेटिंगवर सरळ. मधल्या ठिपक्यापासून पहिला ठिपका तीनशेला २० सेंमी, सहाशेला ४२ सेंमी, बाराशेला सव्वा मीटरवर पडतो.

फट नसलेल्यांसाठी

शंभर रेषांचं पारदर्शक ग्रेटिंग कॅमेऱ्यापुढे लावून काम करणाऱ्यांचीही हीच तक्रार असते, दोनशेचं घेऊ का म्हणून. इथे फट नाही, ताऱ्याचा ठिपकाच फटीचं काम करतो. म्हणून ठिपका लहान करा. फोकस मूळ ताऱ्याच्या प्रतिमेवर लावू नका. वर्णपटाचा फोकस तिच्याहून थोडा वेगळा असतो, तो अभिजितसारख्या ताऱ्याच्या ४८६१ च्या रेषेवर लावा. आणि ग्रेटिंग सेन्सरपासून दुप्पट अंतरावर नेलं की शंभराचं ग्रेटिंग दोनशेचं काम करतं. एवढ्यातही काय दिसतं बघा: फेब्रुवारी-मार्चमध्ये अगस्तीच्या मागून येणारा गॅमा व्हेलोरम आपल्याकडे दक्षिणेला २६-२७ अंशांपर्यंत चढतो. त्याच्या वर्णपटात कार्बनच्या रुंद तेजस्वी पट्ट्या शंभराच्या ग्रेटिंगनंही ठळक उठतात.

पुसू नका

वर्णपटात लांबीच्या दिशेनं आडव्या काळ्या रेघा आल्या की लोक ग्रेटिंग पुसायला घेतात. त्या रेघा फटीत अडकलेल्या धुळीच्या असतात. मऊ ब्रशनं फट झाडा. ग्रेटिंगवरची धूळ अशा रेघा देत नाही, नुसता थोडा प्रकाश विखुरते. मी सुरुवातीला हे न कळून एक चांगलं ग्रेटिंग चष्म्याच्या कापडानं पुसलं. चरांवरचा पातळ थर ओरखडला आणि ते कायमचं गेलं. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी ग्रेटिंग कडेनं धरायला लावतो. त्यावर फक्त रबरी फुग्याची हवा मारायची, तोंडानं फुंकायचं नाही.

पावसाळ्यात आपल्याकडे भिंतींनाही बुरशी येते. जूनमध्ये ग्रेटिंग उपकरणातून काढून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि दाण्यांचा रंग बदलला की ते मंद आचेवर तव्यावर सुकवून पूर्ण गार झाल्यावरच परत घाला.